संध्याकाळची वेळ सोडून

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. दिवस कलला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी आधी ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येतं, मग खिडकीची तावदानं थरथरतात आणि मग लादलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत कारखान्याच्या वाटेला लागतात. त्या गेल्या तरी धूळ बराच वेळ खाली बसत नाही. तिला उसाचा कच्चा, गोडसर वास असतो. सोनपेठात थंडी अशी येते. अंगाच्या आधी ती कानांना कळते.

मला ती शेतांतून आणि बाजारातून कळते. करडईला काटे धरू लागले, ज्वारी पोटरीत आली, बाजारात हरभऱ्याचे ढाळे दिसले, की मी जुने दिवस मोजू लागते. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच हिवाळ्यात मला एक गोष्ट ठरवायची होती: माझ्या मुलीला, प्रांजलीला, गणिताची शिकवणी लावायची की नाही, आणि लावायची तर केव्हा. लिहून पाहिलं की ही गोष्ट किती किरकोळ दिसते. आमच्या कॉलनीत दुसरीतल्या मुलांनाही शिकवणी असते. आयांनी ठरवायचं एवढंच की मुलगा आधी दूध पिऊन जाईल की येऊन पिईल.

पण प्रांजलीचे बाबा गणिताचे शिक्षक होते, आणि त्या श्रावणात ते गेले होते.

ते जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, भाजीवालीही म्हणायची. घरी मात्र ते सर नव्हते. संध्याकाळी शाळेतून आले, हातपाय धुतले, चहा झाला, की समोरच्या खोलीत खाली सतरंजीवर मांडी घालून बसायचे. खुर्चीवर प्रांजली. ती शिकवायची आणि ते शिकायचे. ती पहिलीत असल्यापासूनचा हा खेळ होता आणि आठवीत आली तरी दोघांपैकी कुणी तो मोडला नव्हता.

"मॅडम, मला न्हाई समजलं."

"किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"मॅडम, उणे आणि उणे गुणले की अधिक होतंय म्हणता. दोन वाईट माणसं एका जागी आली म्हणून चांगली होतेत का?"

प्रांजली डोक्याला हात लावायची. मग म्हणायची, "उठा. भिंतीकडं तोंड करा. आता उलटं वळा. परत उलटं वळा. कुठं आलं तोंड?" आणि तो सहा फुटी माणूस सतरंजीवर गोल फिरून पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अरेच्चा!" मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता हसायचे. माझं स्वतःचं गणित दहावीला काठावर सुटलेलं. मी वाचनालयात काम करते. पुस्तकं लावणं, शोधून देणं आणि वाचणं एवढंच मला येतं. ते दोघं काय बोलतात यातलं निम्मं मला कळत नसे, पण त्या आवाजावर माझी संध्याकाळ उभी असे. बाहेर उजेड उतरत असायचा, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवापुढे वात वळत बसलेल्या असायच्या.

ते गेल्यावर त्या वेळेला घरात आवाजच राहिला नाही. प्रांजली खुर्चीवर बसायची नाही, सतरंजीवरही नाही. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची. पान उलटल्याचा आवाज येतो का म्हणून मी कान द्यायचे.

दिवाळीत आमच्याकडे कढई चढली नाही. दुखवट्याच्या घरात तळण नसतं. शेजारपाजारचे फराळ आणून देतात. शेजारच्या उषाताई ताट घेऊन आल्या. त्यांचे दोन्ही मुलगे दोन-दोन शिकवण्यांना जातात, आणि उषाताईंना मनात काही ठेवता येत नाही. माझ्या हातात ताट देऊन त्या उंबऱ्यातच बसल्या.

"पोरीचे चाचणीत मार्क घसरले म्हणं."

"हो, जरा."

"मग लावा की शिकवणी. पण एक सांगू का वहिनी, राग नका मानू. सरांच्या पोरीला गणिताची शिकवणी म्हटलं की लोक हसतील. लोकांना काय, त्यांचं तोंड कुणी धरावं? मला तर बाई लय वाईट वाटतंय." असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्याच ताटातली चकली उचलून मोडली.

त्या गेल्यावर मी विचार करत बसले. लोक हसतील याची मला खरंच भीती नव्हती. माझी भीती दोन्हीकडून होती. दुसरं कुणी माणूस येऊन तिला गणित शिकवू लागलं, तर त्या सतरंजीवरची जागा भरली जाईल आणि ती जागा भरल्याबद्दल मुलगी मला कधी माफ करणार नाही. आणि शिकवणी लावलीच नाही, तर गणित हळूहळू तिच्या हातून सुटेल. बाबांचं तिच्याकडे उरलेलं सगळ्यात जिवंत असं तेच होतं. भिंतीवरचा फोटो तिला काही विचारत नव्हता. रोज सकाळी एक भीती वर असायची, दुपारी दुसरी. वाचनालयात कुणी पुस्तक मागितलं तर मी कपाटापाशी जाऊन काय शोधायला आले होते ते विसरायचे.

सहामाहीचा निकाल लागल्यावर तिच्या शाळेतले गिते सर घरी आले. ते ह्यांचे मित्र. आले की दारातून मोठ्यानं हाक मारायची त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी नुसती कडी वाजवली.

"वहिनी, पोरगी हुशार हाय. पण फळ्याकडं बघतच न्हाई. खिडकीकडं बघती. मी काय म्हणतो, नववीपासून हिला शहरात टाका. क्लास हायेत, वसतिगृह हाय. वातावरण बदललं की..."

"आणि म्हातारीनं आन् हिनं काय करायचं?" आत्याबाई आतून म्हणाल्या. "एकमेकीची तोंडं बघायची?"

"तसं न्हाई काकू."

"कसं का असंना. वरीस होऊ द्या. वरीस झाल्याबिगर या घरात नवं काय बी सुरू करायचं न्हाई. ना शिकवणी, ना शहर."

गिते सरांनी चहा संपवला. जाताना मला हळूच म्हणाले, "वर्ष होईपर्यंत नववी सुरू होईल, वहिनी. आठवीचं कच्चं राहिलं तर पुढं लय जड जातंय."

वर्ष होऊ दे आणि उशीर होतोय, या दोन वाक्यांच्या मध्ये मी तो सगळा मार्गशीर्ष काढला. आत्याबाईंचं मला खोटं वाटत नव्हतं. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरानं वर्षभर जरा दबून राहावं, नवी सुरुवात करू नये, यात मला अजूनही काही वेडगळ दिसत नाही. दुःखालाही उठून बसायला वेळ लागतो. पण शाळेचं वेळापत्रक कुणाच्या दुखवट्यासाठी थांबत नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं वाढणंही थांबत नाही.

मग मला एक युक्ती सुचली. मीच का बसू नये सतरंजीवर?

एका संध्याकाळी मी हात पुसत समोरच्या खोलीत गेले, खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला जरा शिकवता का?" बोलताना माझा आवाज फार उत्साही झाला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. प्रांजली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. नाही म्हणाली नाही. आली, खुर्चीच्या कडेवर बसली, आणि अवयव पाडायचं एक उदाहरण घेऊन समजावू लागली. मी लक्ष देऊन ऐकलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मी वहीवर करून पाहिलं, चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तर मी भलतंच काही लिहिलं.

तिनं वही स्वतःकडे ओढली.

"आई, तू खरंच चुकायलीस."

"हो गं. मला येतच नाही ना."

"बाबा मुद्दाम चुकायचे. ते कुठं चुकले ते मला लगेच कळायचं. तू कुठं चुकलीस तेच कळंना मला."

ती उठून आत गेली. मी तशीच बसून राहिले. त्या क्षणी मला ह्यांच्या खेळातली कारागिरी पहिल्यांदा दिसली. मला वाटायचं बाप लेकीपुढे लाडानं वेड पांघरतोय. पण वेड पांघरायलाही ते गणित पुरतं हातात असावं लागतं. नेमकं कुठे अडखळलं म्हणजे मुलीला पुढची पायरी दिसेल, हे त्यांना माहीत होतं. माझं अडखळणं खरं होतं, म्हणून ते कुठेच नेत नव्हतं. मनात आलं, ही जागा मला भरता येणार नाही. आणि मग लगेच दुसरं आलं, मग ती कुणाला भरता येणार आहे?

नदीपलीकडून थंडी वाढत होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवरून आलेला वारा सकाळी दाराच्या फटीतून आत शिरायचा. कॉलनीतल्या शबानाच्या घरावरून मी त्या दिवसांत कारण नसताना जायचे. शबाना ह्यांचीच विद्यार्थिनी. गणितात पदवी घेऊन आली आणि घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेऊ लागली. संध्याकाळी तिच्या ओट्यावर चपलांचा ढीग असायचा आणि आतून मुलांचा एकसुरी गजबजाट. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायचे. एकदा ती पाण्याची बादली घेऊन बाहेर आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "काकू, या ना." मी म्हणाले, "नाही गं, बाजारात चालले." बाजार विरुद्ध दिशेला होता. शबानानं बादली ओट्यावर ओतली.

येळवस आली. वेळ अमावास्येला इकडे सगळे शेतात जेवायला जातात. ज्यांना शेत नाही त्यांना दुसरे बोलावतात. आमच्या घरात सण नव्हता, पण उषाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दुसऱ्याच्या शेतात दोन घास खायला कसला सण? चला गुमान." आत्याबाई घरीच थांबल्या. मी आणि प्रांजली गेलो.

शेतात कडब्याची छोटी खोप, इकडे तिला कोप म्हणतात, उभी केली होती. पूजा झाली होती. पानात भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातलं आंबील. भज्जीत कोवळा हरभरा, तुरीचे दाणे, चिंच. त्या आंबट उग्र वासानं किती दिवसांनी मला भूक लागली. ज्वारी कमरेच्या वर आलेली. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकून पुन्हा सरळ व्हायचं. उषाताईंनी मुलांची मिस म्हणून शबानालाही बोलावलं होतं. ती प्रांजलीच्या शेजारी बसली होती. दोघी काही बोलत नव्हत्या, नुसत्या खात होत्या.

उषाताई आंबील वाढता वाढता म्हणाल्या, "शबाना, घे की गं हिला तुझ्या संध्याकाळच्या बॅचला. आमची दोन रेडकं बसतेतच, त्यांच्यात ही एक."

मी प्रांजलीकडे पाहिलं. मला वाटलं आता उठून जाईल. मला वाटलं, झालं, जे महिनोन् महिने जपलं ते आंबिलाच्या एका वाटीसोबत सांडलं.

प्रांजलीनं तोंडातला घास संपवला. "संध्याकाळी नको," ती म्हणाली.

"का गं? लाज वाटती का?" उषाताई.

"न्हाई. सकाळी चालंल."

"सकाळी कुठाय बॅच?" शबाना हसली. "संध्याकाळीच येतेत सगळे."

"मी येते ना सकाळी. शाळेच्या आधी. लवकर उठते मी." तिनं शबानाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. समोर झुकणाऱ्या ज्वारीकडे बघत म्हणाली, "संध्याकाळची वेळ सोडून कवाबी चालंल."

शबाना हसायची थांबली. तीही कधीतरी आमच्या घरी अडलेलं विचारायला आली असेल तर ती रविवारी, दुपारची. संध्याकाळी सर घरी कुणाला भेटत नाहीत हे तिच्या वेळच्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. तिनं पानातला उंडा मोडला. मग म्हणाली, "हौ. पहाटेच्या नमाजनंतर मी मोकळीच असते. ये."

एवढंच. मी लावू की नको यात अडकले होते. माझ्या केव्हामध्ये महिने होते, सत्रं होती, वर्षश्राद्ध होतं. तिच्या केव्हामध्ये दिवसातला एक तास होता. मुलीनं मनात केव्हाच सगळं ठरवून ठेवलं होतं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, कारण विचारलं की ती रडेल असं मला वाटत होतं.

घरी येऊन आत्याबाईंना सांगायचं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते: शिक्षणाला दुखवटा नसतो, ह्यांनाही हेच वाटलं असतं. त्या वाती वळत होत्या. मी म्हणाले, "प्रांजली शबानाकडे जायचं म्हणते. वर्ष व्हायच्या आधीच. सकाळी."

त्यांचा हात थांबला. "सकाळी म्हणती?"

"हो. संध्याकाळी नको म्हणाली."

त्यांनी वात पुन्हा बोटांत घेतली. "मग जाऊ दे. सकाळी तो कुठं बसायचा सतरंजीवर."

माझी जुळवलेली वाक्यं माझ्यापाशीच राहिली.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. तो हिवाळा मला आता त्या सकाळींमुळेच आठवतो. अंधार पुरता गेलेला नसायचा. दोघी शाली गुंडाळून निघायचो. गंगेकडून धुकं आलं की विजेच्या खांबांचे नुसते दिवे दिसायचे, खांब दिसायचे नाहीत. कुठे तरी चूल पेटल्याचा वास, कुठे बंबाचा. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली. वाटेत प्रांजली बोलायची नाही. शबानाच्या आईनं ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची, आणि मी पुस्तक उघडून न वाचता बसायचे. आतून शबानाचा आवाज यायचा, मग शांतता. पुन्हा शबाना, पुन्हा शांतता. त्या शांतता मला खायच्या. मुलीला समजलं म्हणून ती गप्प आहे की समजलं नाही म्हणून? की मनानं ती तिथे नाहीच?

पौष संपता संपता एकदा शबाना मला म्हणाली, "काकू, ती विचारत काहीच नाही. सर असते तर..." आणि तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "पण येते रोज. एक दिवस खाडा नाही. मी पण घाई करत नाही." एका सकाळी आतून दोन आवाज आले. काय बोलल्या ते कळलं नाही. प्रांजलीचा आवाज चढलेला होता, भांडल्यासारखा. मला बाहेर बसून इतकं हायसं वाटलं की शबानाच्या आईनं चहा आणला तेव्हा मी नाही म्हणायचं विसरले.

आणि संध्याकाळ? ती आम्ही तशीच ठेवली. टीव्ही नाही, पाहुणा नाही. उषाताईसुद्धा त्या वेळेला येईनाशा झाल्या, कुणी न सांगता. तिघी समोरच्या खोलीत बसायचो. प्रांजली कधी ढाळे सोलायची, कधी नखं कुरतडायची. काही घडत नसे. देव्हाऱ्यात दिवा लागला की उठायचो.

गुण वाढले, पण एकदम नाही. नववीत कधी वर, कधी खाली. माझी काळजी काही गेली नाही. फक्त काळजीचे विषय बदलले. आता प्रांजली दहावीत आहे. माझ्यापेक्षा उंच झाली आहे. सकाळी आता एकटीच जाते, सायकलवर.

गेल्या आठवड्यात मी आणि प्रांजली भाजी घेऊन येताना शबाना रस्त्यात भेटली. म्हणाली, "काकू, परीक्षेपर्यंत सगळ्यांचा एकत्र सराव घेणार आहे. पेपर सोडवून घ्यायचे तर सकाळी वेळ पुरत नाही. संध्याकाळीच..." आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग प्रांजलीकडे. "तुला नाही जमलं तर मी वेगळं..."

"जमतंय की," प्रांजली म्हणाली. "किती वाजता?"

शबानानं वेळ सांगितली. तीच वेळ. प्रांजलीनं मान डोलावली आणि तिच्याशी दुसऱ्याच कुठल्या तरी धड्याबद्दल बोलू लागली. दोघी हसल्या. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हेच तर हवं होतं ना मला, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर हो होतं, आणि तरी ते मला कुठेतरी बोचलं. इतके दिवस मला वाटत होतं, ती वेळ मी तिच्यासाठी राखतेय.

काल पहिला दिवस होता. तिनं चहा घेतला, दप्तर पाठीला लावलं, सायकल फाटकाबाहेर काढली. "येते गं," म्हणाली. आत्याबाईंना आतूनच ओरडून सांगितलं. नेमकी त्याच वेळी उसाची ट्रॉली आली आणि प्रांजली कडेला थांबली, ट्रॉली जाऊ दिली, मग धुळीत निघाली. मी मागे वळले तर तिचा स्वेटर समोरच्या खोलीतल्या खुर्चीवर तसाच पडलेला. परत येईपर्यंत चांगलंच गार होणार होतं. मी तो घेऊन बाहेर आले, तरी ती अजून कोपऱ्यापर्यंतही गेली नव्हती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती, आणि ती वळून घरात आली असती.

मी स्वेटर हातात धरून फाटकाशी उभी राहिले, आणि हाक मारली नाही.